दुधात उतरलेलं औषध आणि चमकणारं जेल

(भवानी पेठ, सोलापूर इथे झालेल्या फेडरेशनच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून चर्चा करावी.)



बाहेर यंत्रमागांचा आवाज चालूच आहे, त्यामुळे मागे बसलेल्या ताईंना ऐकू आलं नाही तर हात वर करा, मी परत सांगेन. हा विषय अर्धवट ऐकून चालणारा नाही. तो दुधाचा आहे, म्हणजे आपल्या रोजच्या पैशाचा आहे आणि घरातल्या लेकरांच्या पोटाचाही आहे.

गावोगावी बैठकांना गेले की दुभती जनावरं असलेल्या ताई मला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न: "गाईला औषध दिल्यावर दूध डेअरीला कधीपासून घालायचं?" दुसरा प्रश्न: "दुधात अँटिबायोटिक आलं असं म्हणून दूध परत पाठवतात. आम्हाला तर दूध पांढरंशुभ्र दिसतं. मग त्यांना ते दिसतं कुठून?" आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. आणि शेवटी एक ठराव तुमच्यापुढे मांडायचा आहे, त्यात पैशाचा हिशोब आहे. म्हणून शेवटपर्यंत थांबा.

हे औषध आलं कुठून

अँटिबायोटिक, म्हणजे शुद्ध मराठीत प्रतिजैविक. आजार करणाऱ्या जिवाणूंना मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनमध्ये एका बुरशीतून पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्या देशात हे औषध बनवायला सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, तोही आपल्याच राज्यात, पुण्याजवळ पिंपरीला. त्याआधी साध्या जखमेत पू झाला, बाळंतपणात ताप आला, तरी बाई हातची जायची. तुमच्या आजीला विचारलं असतं तर तिने घरटी एक तरी नाव सांगितलं असतं.

आणखी एक गंमत सांगते. पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास येतो, तो मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंमुळे येतो. याच जातीच्या जिवाणूंपासून क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि टेट्रासायक्लिनसुद्धा. म्हणजे ही औषधं मातीतूनच आली. त्यांना आपण वाईट म्हणत नाही. प्रश्न आहे तो, जिथे ती असायला नको तिथे ती पोचतात त्याचा.

गाईच्या कासेतून आपल्या कपात

जनावराला दगडी होते, तुम्हाला सांगायला नको. कास सुजते, गरम लागते, दुधात गाठी येतात. डॉक्टर सडात ट्यूब सोडतात किंवा इंजेक्शन देतात. गाय दोन-तीन दिवसांत बरी दिसायला लागते. पण औषध गाईच्या अंगातून लगेच जात नाही. ते थोडं थोडं दुधातून बाहेर पडत राहतं. सूज उतरली, दूध स्वच्छ दिसलं, म्हणजे औषध संपलं असं होत नाही. इथेच आपली गल्लत होते.

मग किती दिवस थांबायचं? प्रत्येक औषधाचा थांबण्याचा काळ वेगळा असतो आणि तो औषधाच्या वेष्टनावर छापलेला असला पाहिजे, असा नियम भारत सरकारने २०१२ साली केला. आणि ज्या औषधासाठी असा काळ ठरवून दिलेला नाही, तिथे दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी कमीत कमी २८ दिवस थांबायचं. हे ७ आणि २८ आकडे पाठ करून ठेवा. परसातल्या कोंबड्यांना औषध पाजलं तरी हाच नियम. अंडी ७ दिवस विकायची नाहीत आणि घरातही खायची नाहीत.

हे दिवस मोजायचे कुठून? शेवटचा डोस दिला तिथून. पहिल्या डोसापासून नाही.

आता किती औषध चालतं ते बघू. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांची दुधातली मर्यादा एका लिटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून असं बघा. १०,००० लिटरचा दुधाचा टँकर आहे. त्यात फक्त १ ग्रॅम औषध मिसळलं की मर्यादा गाठली. पेनिसिलिनचं तर याहून कडक. जागतिक अन्नसंहितेत त्याची मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे असे २५ टँकर भरले तर सगळ्यांत मिळून १ ग्रॅम. म्हणून एकीच्या गाईचं दूध गावाच्या कॅनमध्ये पडलं, की बाकी सगळ्यांचं दूध बाद होऊ शकतं. एकीचं नुकसान म्हणून सुरू झालेली गोष्ट अख्ख्या गल्लीचं नुकसान होते, आणि मग गटात भांडण लागतं ते वेगळंच.

हे सगळीकडेच आहे का? घाबरवायचं नाही म्हणून खरा आकडा सांगते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशातल्या १,१०३ लहान-मोठ्या शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ७७ नमुन्यांत अँटिबायोटिकचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. शंभरात एक-सव्वा. म्हणजे बहुतेक दूध चांगलं आहे. पण ज्या तीन राज्यांत असे नमुने जास्त सापडले, त्यात मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाबरोबर आपला महाराष्ट्र होता.

एवढ्याशा औषधाने काय बिघडतं?

"डॉक्टर गोळ्या देतात त्याच्यापेक्षा हे किती कमी!" असं एक मावशी म्हणाल्या. बरोबर आहे. पण थोडं औषध हीच अडचण आहे.

पिकावर औषध कमी मात्रेत मारलं तर काय होतं? कीड पूर्ण मरत नाही, उरलेली कीड चिवट होते आणि पुढच्या वर्षी त्याच औषधाला दाद देत नाही. जिवाणूंचं अगदी तसंच आहे. थोडं थोडं औषध रोज मिळालं की कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. मग आपल्या लेकराला न्यूमोनिया झाला, सुनेला बाळंतपणानंतर ताप आला, की नेहमीचं औषध लागू पडत नाही. डॉक्टर महागडं इंजेक्शन लिहून देतात. घरातल्या आजारपणासाठी गटातून कर्ज काढावं लागतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. औषध लागू न पडणाऱ्या अशा जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली. पिंपरीचा कारखाना निघायच्या आधीचे दिवस परत यायला नकोत, एवढंच माझं म्हणणं आहे.

याशिवाय काहींना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असते. त्यांना दुधातल्या अंशानेही अंगावर पुरळ येऊ शकतं. टेट्रासायक्लिन औषध म्हणून लहान मुलांना किंवा गरोदर बाईला दिलं तर मुलांचे दात पिवळट होतात, म्हणून डॉक्टर ते टाळतात. आणि दूध उकळलं म्हणजे औषध जातं, ही समजूत डोक्यातून काढून टाका. उकळल्याने जिवाणू मरतात. औषधाचा बराचसा अंश मात्र तसाच राहतो.

दुधाबाहेरही हाच प्रश्न

आपल्या जिल्ह्याचं डाळिंब नावाजलेलं आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे, २००५ पासून. डाळिंबावर तेल्या आला की बागायतदाराची झोप उडते. तेल्या हा जिवाणूचा रोग, म्हणून त्यावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आले. त्या पुडीत काय असतं? ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि १ भाग टेट्रासायक्लिन. म्हणजे माणसाच्या क्षयरोगावरचं औषध आपण झाडावर मारतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीत या औषधांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. ज्या ताई बागेत फवारणीला, तोडणीला जातात, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. पुडी उघडताना हाताला, नाकाला काय लागतंय ते आपल्याला माहीत पाहिजे.

आता पाणी. इथून हैदराबादला निघालं की हैदराबादच्या अलीकडे पटनचेरू लागतं. भवानी पेठेतल्या कितीतरी घरांचे पाहुणे त्या बाजूला आहेत, त्यांना नाव ठाऊक असेल. तिथे औषधाचे खूप कारखाने आहेत. सुमारे ९० कारखान्यांचं सांडपाणी जिथे शुद्ध केलं जायचं, तिथून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या संशोधकांनी तपासलं आणि २००७ साली निष्कर्ष छापले. 'शुद्ध' केलेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. म्हणजे साधारण एक हंडा पाणी, १६ लिटर, आणि त्यात ५०० मिलिग्रॅमची एक आख्खी गोळी विरघळलेली. दिवसाला सुमारे ४५ किलो औषध त्या पाण्यातून बाहेर जात होतं.

आपल्या उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतं. माणूस जे औषध खातो त्यातलं काही लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि सांडपाण्याच्या साध्या शुद्धीकरणात ते सगळं निघत नाही. म्हणून पाण्यातसुद्धा औषध मोजायची सोय हवी. स्वस्त हवी आणि गावात करता येणारी हवी. इथे आपला दुसरा प्रश्न सुरू होतो: दिसत नाही ते बघायचं कसं?

बघायच्या चार रीती

पहिली रीत आपल्याच चुलीपाशी आहे. दुधात अँटिबायोटिक असेल तर विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जिवाणूही मरतात. कितीतरी ताईंना हा अनुभव आहे: "डॉक्टर येऊन गेले आणि दही जमलंच नाही." निरीक्षण खरं आहे. पण यावर विसंबू नका. अंश थोडा असेल तर दही छान लागतं, आणि थंडीत औषध नसतानाही दही लागत नाही. म्हणजे ही संशयाची खूण झाली, तपासणी नव्हे.

दुसरी रीत दूध संघाच्या प्रयोगशाळेतली. छोट्या बाटलीत आगर नावाचं जेलीसारखं काहीतरी असतं, आपल्या चायनाग्रासची जेली असते ना तसं. त्यात उष्णता सोसणारे जिवाणू आणि जांभळा रंग घातलेला असतो. दुधाचे थेंब टाकून ती बाटली ६४ अंश उष्णतेत अडीच-तीन तास ठेवतात. दूध चांगलं असेल तर जिवाणू वाढतात, आंबटपणा येतो आणि जांभळ्याचं पिवळं होतं. औषध असेल तर जिवाणू वाढत नाहीत आणि रंग जांभळाच राहतो. ही रीत चांगली आहे, पण तीन तास कोण थांबणार? तोवर टँकर निघून जातो.

तिसरी रीत पट्टीची. काही मिनिटांत कळतं. गरोदरपणाच्या चाचणीसारखीच रेघ येते, पण अर्थ बहुतेक पट्ट्यांमध्ये उलटा असतो: रेघ ठळक आली तर दूध चांगलं, रेघ फिकी पडली किंवा आलीच नाही तर औषध आहे. म्हणून पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय पट्टी वाचू नका.

चौथी रीत अजून संशोधनात आहे, आणि तिच्याबद्दल सांगायला मी आज उत्सुक आहे. तिचं नाव चमकणारं हायड्रोजेल.

नाव अवघड आहे, वस्तू ओळखीची आहे. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की भोवती कसं पारदर्शक गरासारखं फुगतं? बाजारातल्या काही सॅनिटरी पॅडमध्ये आणि लहान बाळाच्या डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारे दाणे असतात, ते ओले झाले की जेली होते. हेच हायड्रोजेल. पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणूंचे धागे. ते एकमेकांत गुंतवले की जाळं तयार होतं आणि जाळ्यात पाणी अडकून राहतं. आपल्या सोलापुरी टॉवेलची उभ्या-आडव्या धाग्यांची वीण आणि तिच्यावरच्या दोऱ्यांच्या फासा डोळ्यांपुढे आणा. टॉवेल पाणी पितो तो त्या फासांमुळे. जेलचं जाळं याच्या कितीतरी पट बारीक असतं.

आता चमक. तुम्ही बँकेत जाता तेव्हा रोखपालाकडे जांभळा दिवा बघितला असेल. नोट त्याखाली धरली की नंबर चमकतो. साध्या उजेडात तो तसा चमकत नाही. तो दिवा अतिनील प्रकाश टाकतो, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही. नोटेवरची शाई तो प्रकाश पिते आणि आपल्याला दिसेल असा प्रकाश बाहेर टाकते. शास्त्राच्या पुस्तकात याला प्रतिदीप्ती म्हणतात. पांढऱ्या कपड्यांना उजाळा द्यायला आपण शेवटच्या पाण्यात जी पावडर घालतो, तिचंही हेच काम.

गंमत म्हणजे टेट्रासायक्लिनलाही स्वतःची चमक आहे, पिवळसर हिरवी. १९८० साली आफ्रिकेतल्या सुदान भागातली, इसवी सन ३५० ते ५५० च्या काळातली माणसाची हाडं संशोधकांनी अतिनील प्रकाशात बघितली, तर ती टेट्रासायक्लिनसारखी चमकली. पुढे तपासणीत ते टेट्रासायक्लिनच निघालं. हे औषध हाडात आणि दातात कॅल्शियमला चिकटून बसतं, ते दीड हजार वर्षांनंतरही तिथेच होतं. त्या लोकांनी धान्य आंबवून केलेल्या पेयातून ते पोटात गेलं असावं, असं संशोधकांचं मत आहे.

आता दोन्ही एकत्र करा. जेलच्या जाळ्यात चमकणारे बारीक कण अडकवायचे. जेल पाण्यात किंवा तयार केलेल्या नमुन्यात बुडवायचं. जाळं पाणी आत ओढतं, पाण्याबरोबर औषधही आत येतं आणि कणांपाशी पोचतं. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जेलमध्ये औषधाचे रेणू दिव्याचा प्रकाश मधल्यामध्ये गिळतात, म्हणून कणांची चमक मंदावते. दिव्यापुढे कुणी उभं राहिलं की भिंतीवरचा उजेड कमी होतो, तसंच. काही जेलमध्ये युरोपियम नावाचा धातू घालतात. टेट्रासायक्लिन त्याला चिकटलं की ते दिव्याचा प्रकाश पकडून युरोपियमला देतं आणि युरोपियम लाल चमकतो. म्हणजे आधी निळी चमक असेल तर औषध वाढेल तशी ती लालीकडे झुकते. निळं किती, लाल किती, हे मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही मोजता येतं. त्यासाठी लागतं काय? एक छोटा अतिनील दिवा, एक अंधारा डबा आणि मोबाईल.

साधं द्रव रसायन न वापरता जेलच का? कण जाळ्यात अडकलेले असतात, त्यामुळे ते दुधात-पाण्यात सांडत नाहीत. जेलची चकती करता येते, ती हाताळायला सोपी. आणि जाळं औषध स्वतःकडे ओढून गोळा करतं, म्हणून थोडा अंशही पकडता येतो. काही जेल तर पाण्यातलं औषध शोषून पाणी थोडं साफही करतात.

जेलकडून काय अपेक्षा ठेवायची, काय नाही

उद्या कुणी गावात येऊन "जादूची चकती घ्या, शंभर टक्के खात्री" म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. तीन गोष्टी विचारा.

एक: ही चकती कोणत्या औषधासाठी आहे? टेट्रासायक्लिनसाठी केलेली चकती पेनिसिलिन दाखवेलच असं नाही. चमक बदलली नाही याचा अर्थ 'हे एक औषध नाही' एवढाच. 'कुठलंच औषध नाही' असा नव्हे.

दोन: ही दुधावर तपासली आहे का? स्वच्छ पाण्यात चाचणी सोपी असते. दुधात फॅट असतं, प्रथिनं असतात, ती प्रकाश विखुरतात. कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं. म्हणून दूध आधी फाडून, गाळून, निवळ घ्यावी लागते. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट डेअरीच्या ओट्यावर सकाळी सहा वाजता जमेलच असं नाही.

तीन: मर्यादेइतका बारीक अंश कळतो का? टँकरमध्ये १ ग्रॅम, हा आपला हिशोब विसरू नका.

आणि चौथी गोष्ट कुठलीच चकती, कुठलीच पट्टी करू शकत नाही. तपासणी होते ती धार काढून झाल्यावर, दूध कॅनमध्ये पडल्यावर. गाईला कधी, कोणतं औषध दिलं, हे त्याच्या आधी फक्त एका माणसाला माहीत असतं: गोठ्यातल्या बाईला. म्हणजे तुम्हाला.

मग आपण करायचं काय

औषध देऊ नका, असं मी अजिबात म्हणत नाही. दगडीवर वेळेत उपचार झाला नाही तर सड कायमचा जातो. उपचार डॉक्टरांकडूनच करून घ्या. १९६२ हा सरकारी फोन नंबर जनावरांच्या दवाखान्यासाठी आहे. उरलेली ट्यूब शेजारणीला देऊ नका, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. माणसाच्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, हे २०१६ पासून सरकार सांगतंय. गोठ्यातही हीच शिस्त.

डॉक्टर आले की एकच प्रश्न विचारा: "दूध किती दिवस घालायचं नाही?" उत्तर तिथेच लिहून घ्या. गोठ्यात कॅलेंडर टांगा. औषधाचं नाव, शेवटच्या डोसाची तारीख आणि दूध परत कधी घालायचं ती तारीख. लिहिता येत नसेल तर पशुसखीकडून खुणा करून घ्या. औषध दिलेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा, भांडं वेगळं ठेवा, पायाला किंवा शिंगाला रंगीत फडकं बांधा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी धार काढलं तरी चूक होणार नाही. ते दूध वासराला पाजू नका, त्याचं दही-तूप करू नका. विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब खड्ड्यात ओता.

आणि दगडी होऊच नये म्हणून: धार काढायच्या आधी हात आणि कास धुवून कोरडी करा. धार काढल्यावर अर्धा तास गाय खाली बसू देऊ नका. पुढ्यात वैरण टाकली की ती उभी राहते. तेवढ्या वेळात सडाचं तोंड मिटतं.

ठराव

आता पैशाचं. "दूध ओतून द्या" असं सांगणं मला सोपं आहे. मला पगार आहे. पण ज्या ताईचं घर दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं, तिने काय करायचं? हिशोब करू. समजा गाय ८ लिटर देते आणि दर ३० रुपये धरला. ७ दिवसांचे ५६ लिटर. म्हणजे १,६८० रुपये. औषधाचा, डॉक्टरांचा खर्च वेगळा. एवढं नुकसान एकटीने सोसायचं म्हटलं, तर कितीही प्रामाणिक बाई असली तरी चौथ्या दिवशी तिचा हात कॅनकडे जाणार. यात तिला दोष देऊन काही होणार नाही. नुकसान एकटीचं आणि फायदा सगळ्यांचा, असं असेल तर तो भार सगळ्यांनी उचलायला हवा. बचत गट म्हणजे दुसरं काय?

म्हणून मांडते. ज्या ग्रामसंघात १० गट आहेत आणि गटात १२ जणी आहेत, तिथे प्रत्येकीने महिन्याला १० रुपये वेगळे टाकले तर महिन्याचे १,२०० रुपये होतात. औषध दिल्यामुळे दूध बाजूला ठेवलेल्या ताईला तिच्या नुकसानीची निम्मी रक्कम या निधीतून द्यायची. आपल्या हिशोबाने ८४० रुपये. महिन्याला एक गाय आजारी पडली तर ३६० रुपये शिल्लक राहतील. एकाच महिन्यात तीन गाई आजारी पडल्या तर निधी पुरणार नाही, हेही उघड आहे. तेव्हा उरलेल्या रकमेसाठी बिनव्याजी अंतर्गत कर्ज द्यायचं का, हे तुम्ही ठरवा. अट एकच: डॉक्टरांची चिठ्ठी आणि कॅलेंडरवरची नोंद. पशुसखीने येऊन बघायचं आणि सही करायची.

काही ताई म्हणतील, "आमच्याकडे जनावरच नाही, आम्ही का द्यायचे १० रुपये?" तुमच्या घरात दूध येतं ना? चहात, लेकराच्या वाटीत? ते दूध याच गावच्या कॅनमधलं आहे. तरीही कुणावर जबरदस्ती नको. गटात बोला, मग ठरवा.

निधीतून थोडे पैसे उरले तर तपासणीच्या पट्ट्या घेऊन ठेवता येतील. थांबायचे दिवस संपल्यावर, पहिलं दूध कॅनमध्ये ओतायच्या आधी एक पट्टी. आणि चमकणाऱ्या जेलची चकती एक दिवस बाजारात आली, तर तीही आपण याच तीन प्रश्नांनी तपासून घेऊ. आपल्या मुली आज कॉलेजात रसायनशास्त्र शिकतायत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रतिदीप्तीवर संशोधन चालतं, इथे सोलापुरातही विद्यापीठ आहे. दुधावर चालणारी, सकाळी सहा वाजता ओट्यावर उत्तर देणारी, पाच-दहा रुपयांची चकती कशी हवी हे गोठ्यात वाढलेल्या मुलीला जास्त चांगलं कळेल. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबवायचा विचार घरात निघाला, तर हेही बोलून बघा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक ग्रामसंघाने तीन गोष्टी सांगायच्या आहेत. गावात दुभती जनावरं किती, गेल्या सहा महिन्यांत दगडी किती जणींच्या जनावरांना झाली, आणि निधीबद्दल गटांचं मत काय. होकार असो की नकार, दोन्ही लिहून आणा. नकार असेल तर कारणही आणा, कारण त्यातूनच निधीचे नियम नीट होतील.

कॅलेंडरसाठी मात्र ठराव लागत नाही. ते आज संध्याकाळी धार काढायच्या आधीच टांगता येईल.

एवढं बोलून थांबते. आता शंका विचारा, मागच्या ताईंपासून सुरू करू.